पाणीपुरी फोडून खावी लागते म्हणजे तपासायला जा

प्रश्न : डॉक्टरताई, आमचे हे ३८ वर्षांचे, बुटीबोरीला कंपनीत शिफ्टला जातात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला, १५-१६ वर्षांपासून सुरू आहे, दिवसाला पाच-सहा पन्न्या (पुड्या) होतातच. आधी सावजीचा रस्सा वाटीवर वाटी प्यायचे, आता साधं वरणभात खाताना पण तोंडाची आग होते म्हणतात, आणि पाणीपुरी तोंडात जातच नाही, फोडून खातात. सोडा म्हटलं की म्हणतात सकाळी खर्रा घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही. मी खिशातून काढून फेकते, मग घरात भांडण. काय करू? – एक बहीण, हुडकेश्वर

उत्तर : ताई, पाणीपुरीचं लिहिलंत ते फार बरं केलं, कारण तेवढ्यावरूनच मी सांगते की आता थांबू नका. आज घरी त्यांना तोंड उघडायला लावा आणि त्यांचीच तीन बोटं, अंगठ्याजवळचं, मधलं आणि त्याच्या पुढचं, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर तोंड आखडलंय. हे मुख्यतः सुपारीमुळे होतं. गालाच्या आतली मऊ कातडी कडक होत जाते, पांढुरकी दिसते, तिखट झोंबायला लागतं आणि जबडा हळूहळू बंद होतो. औषधं, इंजेक्शन, तोंडाचे व्यायाम, कधी ऑपरेशन, असे उपाय आहेत पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर व्हायचा धोका असतो म्हणून घाई करायची. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, सुट्टीच्या दिवसाची वाट बघत बसू नका, एक दिवस कामाला खाडा झाला तरी चालेल. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल डाग, मानेत गाठ, यातलं काही असेल तर ते आधी दाखवा.

आता खिशातून काढून फेकणं. राग येतो ते समजतं, पण फेकलेली पन्नी पुढच्या ठेल्यावर दहा मिनिटांत परत मिळते, समोरच घोटून देतात, आणि माणूस आता तुमच्यापासून लपवून खायला लागतो. त्यापेक्षा त्यांना विचारा की पहिली पन्नी कधी आणि कोणासोबत. बहुतेकांचं उत्तर येतं, शिफ्टच्या आधी गेटवर, मित्रासोबत. मग तो मित्रच सोबत घ्या, दोघांनी एकाच दिवशी सोडलं तर जास्त जमतं, हे मी रोज बघते.

तलफ आली की पाच-दहा मिनिटं असते, तेवढा वेळ टाळला की ओसरते. पहिले तीन-चार दिवस जास्त त्रास होतो, चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, आणि हो, पोट पण साफ होत नाही. ते खरं आहे, पण ते निकोटिनची सवय सुटण्याचं लक्षण आहे, काही आठवड्यांत जातं. तोवर सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, दिवसभर भरपूर पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू. निकोटिनची गोळी चघळायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, यांचं तोंड आखडलंय म्हणून चघळणं जमेल का तेही तेच सांगतील. फोनवर सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मी महालमधल्या एका शाळेत शिकवते. शाळेच्या गेटसमोरच पानठेला आहे, आणि आठवीतली पोरं बाबांसाठी खर्रा आणायला जातात. शिक्षिका काय करू शकते?

उत्तर : मॅडम, बरंच काही. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. बाबांसाठी नेतोय हे कारण चालत नाही. मुलाला डॉक्टरांच्या आदेशाशिवाय तंबाखू देणाऱ्यावर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खर्ऱ्यात जी सुगंधी सुपारी-तंबाखू वापरतात त्यांच्यावर पण राज्यात बंदी आहे, २०१२ च्या गुटखाबंदीनंतर त्याही तिच्यात आल्या, ते अन्न व औषध प्रशासनाकडे कळवायचं. पण आधी मुख्याध्यापकांना सांगून शाळेच्या भिंतीपासून १०० यार्डांवर पिवळी रेषा मारून घ्या, तंबाखूमुक्त शाळेच्या सरकारी नियमांत ती आहेच, आणि फलक लावा. मग ठेलेवाल्याशी दोन शब्द बोला, तो तिथलाच माणूस असतो, त्यालाही पोरं असतात. ऐकलं नाही तर पोलिसांत लेखी तक्रार, शाळेच्या सहीशिक्क्यानिशी.

पालकसभेत एवढंच मागा, पोराला खर्रा आणायला पाठवू नका. आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेचं काम चालू आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था आणि सरकार मिळून, तिथं गावंच बसून विक्री बंद करायचं ठरवतात आणि गावच लक्ष ठेवतं. शाळेच्या गल्लीत हे का जमू नये?

प्रश्न : मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो. चालेल ना? – विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : नाही रे दादा. नुसती सुपारी पण कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलंय, आणि तोंड आखडायला तंबाखू लागतच नाही. तंबाखू सोडलीस हे मोठं काम केलंस, त्याबद्दल शाबासकी. खिशात सुपारीऐवजी बडीशेप किंवा लवंग ठेव, आणि वरची तीन बोटांची परीक्षा आजच करून बघ.