वाचकांचे प्रश्न : दोघेही निर्दोष, तरी भांडण

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. घरातल्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा घेतला. त्याच सुमारास नवा प्रिंटर आला आणि विंडोजचे एक अपडेटही झाले. आता साधी एक्सेलची फाइल उघडायला अर्धा मिनिट लागतो आणि सूनबाईंचे हिशेबाचे सॉफ्टवेअर दिवसातून दोन-तीनदा अडकते. स्टेशनजवळचा दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायला सांगतो. नेमका दोष कोणाचा, हे घरच्या घरी शोधता येईल का?

उत्तर : येईल, आणि तोवर फॉरमॅट करू नये. फॉरमॅटनंतर संगणक काही दिवस पळेल, पण त्यावर आपण तोच अँटिव्हायरस, तोच प्रिंटर आणि तेच हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा चढवणार. भांडण त्यांच्यातच असेल तर तेही परत येईल. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होईल. हिशेबाच्या डेटाची प्रत मात्र आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

आरंभ तारखांपासून करावा, कारण 'गेल्या महिन्यापासून' ही आठवण फसवी असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असे टाइप केल्यावर 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय दिसतो. त्यात दिवसवार आलेख असतो. जो प्रोग्राम कोसळला त्याची त्या दिवसाखाली लाल फुली दिसते आणि कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झाले तेही नोंदलेले असते. लाल फुल्या प्रिंटर आल्याच्या दिवसापासून सुरू झाल्या असतील, तर अँटिव्हायरसवरचा संशय निम्मा कमी होतो.

तरीही माझा पहिला संशय अँटिव्हायरसवरच आहे. त्यातही नव्यावर नाही, जुन्यावर. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस आल्याचे कळताच बाजूला होतो. दोन बाहेरच्या कंपन्यांचे अँटिव्हायरस एकमेकांसाठी असे सरकून बसतीलच याची खात्री नसते. दोघेही डिस्क आणि प्रोग्राम यांच्या मधल्या वाटेवर उभे राहतात. एकाने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याला तीच नवी हालचाल वाटून तोही तपासू लागतो. मुदत संपली म्हणून जुन्याचा पहारा संपतोच असे नाही, आणि नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केल्यावरही त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर बसलेला त्याचा भाग, मागे राहू शकतो. अँटिव्हायरस कंपन्या त्यासाठी सफाईचे वेगळे साधन देतात. ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून, चालवावे. सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावे लागते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली, असेल तर तिथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर क्लीन बूटचा, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम बंद ठेवून संगणक सुरू करून पाहण्याचा, मार्ग आहे. 'एमएसकॉन्फिग' उघडून सर्व्हिसेसमध्ये प्रथम 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' या चौकटीत खूण करावी आणि मगच उरलेल्या सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, बंद कराव्यात. हा क्रम चुकवू नये, आणि शेजारच्या बूट टॅबकडे फिरकू नये. टास्क मॅनेजरमधले स्टार्टअपचे प्रोग्रामही बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. आता त्रास थांबला, तर दोषी या बंद केलेल्यांमध्ये आहे. ते सारे मिळून ४० असतील तर २० सुरू करून पाहावे, मग १०, मग ५. एकटा दोषी असेल तर फार तर सहा रीस्टार्टमध्ये तो सापडतो.

पण इथे दोषी एकटा नसतो, आणि बहुतेक लोकांची गाडी नेमकी इथेच अडते. पहिले २० सुरू केले, त्रास नाही; ते बंद करून दुसरे २० सुरू केले, तरीही त्रास नाही; आणि सगळे सुरू करताच त्रास हजर. मग माणूस वैतागून 'व्हायरसच असणार' असे म्हणतो. खरे तर याचा अर्थ इतकाच, की भांडणाऱ्यांपैकी एक पहिल्या निम्म्यात आहे आणि दुसरा दुसऱ्यात. अशा वेळी पहिले २० तसेच सुरू ठेवावेत आणि दुसऱ्या २० चे निम्मे-निम्मे करत जावे. त्यातला एक हाती लागला की तो सुरू ठेवून पहिल्या २० मधला त्याचा जोडीदार त्याच रीतीने शोधावा. कागदावर टिपण ठेवावे, नाहीतर चौथ्या रीस्टार्टनंतर काय सुरू होते आणि काय बंद, हे आठवत नाही. माझ्या घरी अशी जोडी निघाली ती स्कॅनरचा मदतनीस प्रोग्राम आणि क्लाउड बॅकअप यांची : स्कॅन केलेले पान पुरते लिहून व्हायच्या आत बॅकअप ते उचलायला धावायचा. बॅकअपमधून तो एक फोल्डर वगळला आणि प्रश्न मिटला; काढून टाकावे असे त्यात काहीच नव्हते.

एक अडचण सांगायला हवी. अँटिव्हायरस स्वतःला असे सहज बंद करू देत नाहीत, त्यामुळे त्यांची परीक्षा क्लीन बूटने होत नाही. तिथे अनइन्स्टॉल करूनच पाहावे लागते.

प्रश्न : नेरुळहून लिहिते आहे. मराठी टायपिंग करताना कधी अक्षर दोनदा उमटते, कधी इंग्रजीच येते. एखाद्या दिवशी मात्र सगळे व्यवस्थित चालते. कीबोर्ड बदलून पाहिला, फरक पडला नाही.

उत्तर : 'एखाद्या दिवशी व्यवस्थित' हे आपण लिहिलेत ते बरे केले. आपल्याकडे जुन्या फॉन्टसाठी घेतलेला टायपिंगचा प्रोग्राम आणि नंतर घेतलेले युनिकोडचे साधन, अशी दोन्ही संगणकाबरोबरच सुरू होत असावीत. कळ दाबली की ती अक्षर होण्याआधी अशा प्रोग्रामांच्या रांगेतून जाते आणि रांगेत जो सर्वांत शेवटी उभा राहिला त्याच्या हाती ती आधी पडते. सकाळी कोण आधी सुरू झाला यावर तो दिवस कसा जाणार हे ठरते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून दोन्ही काढावेत. रोजच्या कामासाठी विंडोजचाच मराठी कीबोर्ड जोडून घ्यावा; विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडायचा असेल तेव्हाच जुना प्रोग्राम हाताने सुरू करावा आणि काम होताच बंद करावा.

प्रश्न : खारघरला घरूनच करसल्लागाराचे काम करतो. डिजिटल स्वाक्षरीचा प्रोग्राम 'पोर्ट वापरात आहे' असे सांगून बंद पडतो. टोकन (स्वाक्षरी ठेवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण) बिघडले असेल का?

उत्तर : टोकनला दोष देऊ नये. त्या प्रोग्रामला हवा असलेला पोर्ट, म्हणजे इतर प्रोग्रामांशी बोलण्याचा क्रमांक असलेला दरवाजा, दुसऱ्या प्रोग्रामने आधीच अडवला आहे. रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि नेटवर्कखालच्या 'लिसनिंग पोर्ट्स' यादीत संदेशातला क्रमांक शोधावा. त्याच ओळीत तो अडवणाऱ्याचे नाव दिसेल. पुष्कळदा तिथे त्याच स्वाक्षरीच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसलेली सापडते. ती अनइन्स्टॉल करून संगणक एकदा रीस्टार्ट करावा.