अँग्युलर की रिअ‍ॅक्ट, आणि दारात उभा राहिलेला ट्रक

गोव्यातल्या साखळीहून एका मुलीचं पत्र आलंय. फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पर्वरीतली एक छोटी कंपनी तिला घ्यायला तयार आहे, काम औषध कारखान्यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरचे स्क्रीन बनवायचं आणि सगळं अँग्युलरमध्ये, म्हणजे ब्राउझरमधले स्क्रीन बांधायच्या गूगलच्या तयार साच्यात. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो अँग्युलर संपलं, नोकरी सोड, सहा महिने घरी बसून त्याच कामाचं दुसरं साधन, रिअ‍ॅक्ट शीक. शेवटी लिहिते, "सर, 2012 ला खाण बंद झाली तेव्हा बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते मात्र चालूच होते. मला तसं एकाच गोष्टीवर अडकायचं नाही."

बघ गो, तुझी भीती मला खरंच कळते कारण असा एक ट्रक मीपण घेतला होता. 2009 च्या आसपास मी एका कंपनीत सिल्व्हरलाइट शिकलो. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये आणलेलं, दिसायला झकास, मॅनेजर म्हणायचे पुढची दहा वर्षं हेच. पण ते ब्राउझरमध्ये प्लगइन म्हणून, म्हणजे वरून जोडलेल्या वेगळ्या तुकड्यासारखं चालायचं आणि आयफोनवर प्लगइन चालतच नव्हते, मग 2015 ला क्रोमनेपण तसले प्लगइन काढून टाकले, आणि 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने सपोर्टच बंद केला. आमचं अ‍ॅप्लिकेशन त्याच्या खूप आधी कचऱ्यात गेलं होतं आणि मला कोणी आधी सांगितलंसुद्धा नाही की ते बंद करायचं ठरलंय, मीटिंगमध्ये कळलं.

पण कोड गेला तरी त्यातून जे शिकलो त्यावरच माझं पोट चाललं. स्क्रीनवरचा आकडा बदलला की मागचा डेटा कसा बदलायचा, चुकीची एंट्री कुठे अडवायची, हे सगळं अँग्युलर शिकताना ओळखीचं निघालं, महिनाभरात हात बसला.

आता मावसभावाचं. त्याचा थोडा घोळ झालाय असं मला वाटतं, कारण अँग्युलर नावाच्या दोन वस्तू आहेत. 2010 ची जुनी अँग्युलरजेएस, तिचा सपोर्ट 2021 च्या शेवटी संपला. आणि 2016 मध्ये गूगलने पुन्हा पहिल्यापासून लिहिलेलं अँग्युलर, ते जोरात चालू आहे, साधारण दर सहा महिन्यांनी नवीन मोठं व्हर्जन येतं. जुन्यातून नव्यात जाताना लोकांना बरंच काही परत लिहावं लागलं होतं, त्या रागातून "अँग्युलर संपलं" हे वाक्य अजून फिरतंय. जाहिराती रिअ‍ॅक्टच्या जास्त दिसतात, तेवढं मात्र त्याचं खरं.

मग कंपनीने अँग्युलर का घेतलं असेल? वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यातलं बॅच रेकॉर्ड डोळ्यासमोर आण. एका बॅचचे शंभर-दोनशे रकाने, वजन, तापमान, वेळ. ऑपरेटरने भरलं की सुपरवायझरने तपासायचं, मग क्वालिटीवाल्याने सही करायची, आणि कोणी एक आकडा बदलला तर कोणी, कधी, का बदलला हे राहिलंच पाहिजे, जुना आकडापण पुसायचा नाही, ऑडिटवाले येऊन तेच बघतात. ऑपरेटरला जे बटण दिसतं ते क्वालिटीवाल्याला दिसत नाही. असे स्क्रीन पाचशे असतील तर! आणि हे सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षं चालतं, तेवढ्यात टीम तीनदा बदलते. अँग्युलरमध्ये फॉर्म, राउटिंग (एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाणं), सर्व्हरशी बोलणं सगळं एकाच घरचं येतं आणि कोड टाइपस्क्रिप्टमध्येच, म्हणजे जास्त शिस्तीच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा असतो, त्यामुळे नवीन आलेल्याला कुठली फाइल कुठे असेल ते अंदाजाने सापडतं. रिअ‍ॅक्ट म्हणजे फेसबुकने 2013 मध्ये उघडी केलेली फक्त स्क्रीन रंगवायची लायब्ररी, बाकीचं सामान तुम्ही बाजारातून निवडून आणायचं. शहाणी टीम असेल तर मस्त जमतं, पण मी एक रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट असा पाहिलाय की त्यात तीन जणांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी स्टेट, म्हणजे स्क्रीनमागचा चालू डेटा, सांभाळलेली, आणि तिघेही नोकरी सोडून गेलेले.

घरी बसून सहा महिन्यांत तू रिअ‍ॅक्टमध्ये टू-डू लिस्ट बनवशील, हवामानाचं अ‍ॅप बनवशील. ते सगळेच बनवतात. बॅच रेकॉर्डचा फॉर्म घरी कोण देणार?

म्हणून माझं मत, नोकरी घे. पण त्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार, लाजू नकोस. अँग्युलरचं कितवं व्हर्जन वापरता? ते जुनं अँग्युलरजेएस निघालं तर सरळ नाही म्हण. आणि माझा कोड कोण तपासणार? "तूच बघ" असं उत्तर आलं तर पगार कितीही असो, मला बरं वाटणार नाही.

घेतलीस तर पहिल्या वर्षी फ्रेमवर्कच्या, म्हणजे अँग्युलरसारख्या साच्याच्या, खालचं जावास्क्रिप्ट आणि ब्राउझर नीट शीक, ते सिल्व्हरलाइटसारखं कोणी एक कंपनी बंद करू शकत नाही. रिअ‍ॅक्ट नंतर शनिवार-रविवारी होईल, मावसभावालाच शिकवायला लाव की.

गणेश चवथीच्या आधी त्यांना उत्तर द्यायचंय म्हणालीस ना, मग उद्याच फोन कर आणि व्हर्जन काय निघालं ते मला कळव.