‘घरच्यांना न सांगता करून टाकू का?’

“मॅडम, मी घरी सांगणारच नाहीये. ऑफिसचं पुण्याला ट्रेनिंग आहे म्हणून जायचं, चार दिवसांत करून यायचं.”

गाडी सर्व्हिसिंगला टाकायची असावी इतक्या सहजपणे संदीप (नाव बदललं आहे) हे बोलले. वय ३४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन १३१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) ४६ च्या पुढे. इचलकरंजीत घर, एका पतसंस्थेत नोकरी. चार वर्षांपासून डायबेटिस, रक्तदाबाची गोळी, शिवाय झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. पुण्याच्या सर्जननी वजन उतरवण्यासाठी स्लीव्हचं, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं होतं. त्याआधी मानसिक तयारीची तपासणी करून घेतात, त्यासाठी ते कोल्हापूरला समुपदेशक म्हणून माझ्याकडे आले होते.

हा प्रश्न आता दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. “सासूबाई म्हणतात, देवानं दिलेलं पोट कशाला कापायचं?” “नवरा म्हणतो, जिभेला आवर घाल, फुकटात होईल.” “बहीण म्हणाली, शॉर्टकट मारतेस.” “आई नुसती रडते.” शेवट बहुतेकांचा एकच, की कुणाची साथ नाही तर गुपचूप करून टाकू का? म्हणून संदीपची गोष्ट त्यांच्या संमतीनं सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. ऑपरेशन करावं की करू नये हे मी कुणालाच सांगत नाही. तो निर्णय पेशंटचा आणि सर्जनचा. निर्णय झाल्यावर, किंवा होता होता, घरात जे सुरू होतं त्याच्याशी माझा संबंध.

मी संदीपना एकच विचारलं. “ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आलात. रात्री आई ताट करणार. त्यात काय असेल?”

ते हसले. “भाकरी, आमटी, भात... बुधवार असला तर मटण.” आणि गप्प झाले.

या ऑपरेशनात जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. सुरुवातीचे दिवस नुसतं पाण्यासारखं पातळ, तेही घोट घोट. मग दाट पातळ, मग मऊ कुस्करलेलं, आणि नेहमीच्या जेवणावर यायला साधारण सहा ते आठ आठवडे. पुढे जन्मभर छोटे घास, सावकाश जेवण, जेवताना पाणी नाही, रोजची प्रथिनं मोजून, व्हिटॅमिनच्या गोळ्या कायमच्या. ज्या घरात ताट आई वाढते त्या घरात हे ट्रेनिंगच्या नावाखाली कसं लपणार? पहिल्याच रात्री भांडं फुटणार. आणि घरी आल्यावर ताप आला, पोटात जोरात दुखलं, छाती धडधडायला लागली, तर दवाखान्यात कोण नेणार? ज्याला काय झालंय हेच माहीत नाही तो?

“पण आईला पटवायचं कसं? तिनं हो म्हणायलाच पाहिजे.”

“नाही म्हणाल्या तर?”

“मग... मी वाईट मुलगा.”

इथे थोडं थांबते. मी एलिसच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली एक साधी गोष्ट मला अजून रोज उपयोगी पडते. ‘आईनं हो म्हटलं तर बरं वाटेल’ ही इच्छा झाली. ‘हो म्हटलंच पाहिजे’ ही मागणी झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण माणूस उभा राहतो. मागणी धुडकावली गेली तर मोडतो, चिडतो, नाहीतर खोटं बोलतो. संदीप खोटं बोलायला निघाले होते.

मला आणखी एक शंका होती, ती दुसऱ्या भेटीत खरी ठरली. “घरी कमी खाता, मग वजन कुठून येतं?” असं मी सरळच विचारलं. बराच वेळ ते टेबलाकडे बघत बसले. मग म्हणाले, सुटल्यावर घरी जायच्या आधी स्टँडजवळ गाडी लावतो. दोन वडापाव, कधी तीन. कागद तिथंच टाकतो, तोंड धुतो, घरी जाऊन भूक नाही म्हणतो. लहानपणी चुलते ‘जाड्या’ म्हणायचे, मित्रांनी लग्नात कपड्यांवरून चेष्टा केली, तेव्हापासून चारचौघांत खायचं सुटलं.

चोरून खाणं आणि चोरून ऑपरेशन, मला दोन्ही एकाच सवयीतून आलेलं दिसत होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं आजार लपवला, आता उपचारही त्याच भीतीनं लपवायचे. पोट लहान झालं म्हणून ही सवय लहान होत नाही. आइस्क्रीम, कोल्ड्रिंक, दारू हे सगळं त्या नळीतून सहज उतरतं. ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन पुन्हा चढलेले लोक माझ्याकडे येतात, त्यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट अशाच कुठल्या तरी स्टँडजवळ सुरू होते. मी सर्जनना कळवलं, तारीख दोन महिने पुढे ढकलू या. संदीप नाराज झाले. मी मागे हटले नाही.

पहिल्यांदा सांगायचं ते एकाच माणसाला, असं ठरलं. संदीपनी बायकोला निवडलं. मी एक अट घातली. ‘मला साथ दे’ असं मोघम म्हणायचं नाही, नेमकं काम मागायचं. त्यांनी तीन कामं मागितली: सर्जनकडे सोबत ये, काय सांगतात ते वहीत लिही, आणि घरच्यांसमोर मी बोलत असताना मध्येच माझी बाजू सावरू नकोस. तिसरं त्यांचं त्यांनाच सुचलं. मला ते फार आवडलं.

वडापावचंही त्या रात्री त्यांनी सांगितलं. बायको म्हणाली, “माहितीय. शर्टाला वास येतो.”

मग एका शनिवारी चौघं आले. संदीप, त्यांची बायको, वडील म्हणजे आप्पा, आणि आई. आप्पांचा आवाज खोलीत मावत नव्हता. “एवढं झालंय काय त्याला? धडधाकट आहे. आमच्या घराण्यात सगळेच अंगानं भरलेले. पहाटे पंचगंगेपर्यंत चालत जाऊन यायला लाव, बघ कसं उतरतंय.” संदीपनी दोनदा डाएट करून १८-१८ किलो उतरवले होते आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत आले होते, हे आप्पांना माहीत होतं. त्यांच्या लेखी ती मनाची कमजोरी. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आखडतं, जठराच्या वरच्या भागातून भुकेचं हार्मोन येतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघतो, हे मी सांगू शकले असते. पण त्या खोलीत ते व्याख्यान झालं असतं.

तेवढ्यात इतका वेळ पदर बोटाला गुंडाळत बसलेली सून बोलली. “आप्पा, तुम्ही खालच्या खोलीत झोपता. हे घोरत असतात तोवर मला झोप लागते. घोरणं थांबलं की मी उठते. श्वास परत येईपर्यंत मोजत बसते. एकदा अठरापर्यंत गेले होते.”

आप्पांनी मुलाकडे बघितलं. मग एकदम पैशांवर आले. ही चांगली खूण असते. विरोध तत्त्वावरून हिशेबावर उतरला की अर्धं काम झालेलं असतं. विम्यात बसतं का? बसू शकतं. विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमात अटी आहेत, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला हवा, बीएमआय ४० किंवा त्यावर, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर आजार, साधे उपाय करून झालेले. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ वेगळा. वजन परत वाढलं तर? वाढू शकतं, मी म्हटलं. हा प्रश्न आप्पांनी सर्जनलाच विचारावा आणि उत्तर ऐकून मग विरोध करावा, असं सुचवलं. त्यांना ते पटलं, कारण विरोधाचा हक्क शाबूत राहिला.

आई मात्र काहीच बोलल्या नव्हत्या. मी त्यांना जमेल तेवढं सोपं करून सांगत होते. माझ्याकडे कपाटात एक स्टीलची छोटी वाटी असते. ती पुढे ठेवून म्हटलं, “मावशी, पहिले काही दिवस अर्ध्या-अर्ध्या तासानं यात मावेल त्याच्या निम्मं. तेही चमच्यानं.”

त्यांनी वाटी उचलली, आतून अंगठा फिरवला. “हे तर बोंडल्यातलं झालं.”

मला आधी कळलं नाही. मग त्या बोलायला लागल्या आणि पाऊण तास आम्ही चौघं फक्त ऐकत होतो. संदीप आठव्या महिन्यात झालेला. पावणेदोन किलोचा. अंगावर ओढायची ताकद नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, जगला तर तुमचं नशीब. दूध काढून, बोंडल्यानं, दर दोन तासांनी, रात्रंदिवस, अडीच महिने. “एकेक थेंब घालून वाढवलाय ताई मी ह्याला. आणि हा म्हणतोय पोटच काढतो.”

संदीप रडत होते. त्यांना ही गोष्ट माहीत होती, सगळ्या घरानं शंभरदा ऐकलेली. पण भाकरीवर वाढलेल्या तुपाचा आणि त्या बोंडल्याचा संबंध त्यांनी कधी लावला नव्हता. खरं सांगायचं तर मीही दोन महिने त्या बाईंकडे अडचण म्हणूनच बघत होते. ‘अन्नातून जीव लावणाऱ्या आया’ असा एक कप्पा माझ्या डोक्यात तयार होता, त्यात त्यांना घालून मी मोकळी झाले होते. बावीस वर्षांच्या कामानंतरही असं होतं. त्यांचा विरोध अज्ञानातून येत नव्हता. लहान वाटीनं एक जीव वाचतो हे त्या खोलीत फक्त त्यांनीच हातानं केलेलं होतं.

मी इतकंच म्हटलं, “मग मावशी, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?”

त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसून विचारलं, “मटणाचा अळणी चालंल का?”

(चालला. आहारतज्ज्ञांना विचारून, फडक्यातून गाळून, वरचं तेल काढून. आमच्याकडे आजारी माणसाला अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, देतातच.)

‘हो, कर’ असं त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीसुद्धा त्यांचं म्हणणं होतं, नको. पण ऑपरेशन झालं तेव्हा त्या पुण्यात होत्या आणि पिशवीत ती वाटी होती. परवानगी मिळाली नाही, साथ मिळाली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, त्यांची इतकी गल्लत असते की नवऱ्याचा होकार येईपर्यंत गुडघे झिजवत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सज्ञान माणसाच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही त्याची स्वतःची असते. घरच्यांनी मनापासून मान्य करणं ही चैन आहे. मिळाली तर उत्तम.

सगळ्यांना सांगायलाच हवं, असंही माझं म्हणणं नाही. एका छताखाली राहणारे आणि पहिले दोन महिने ज्यांच्या हातचं खायचं आहे, त्यांना आधी. रात्री-अपरात्री गाडी काढू शकेल असा एक जण, तो भाऊ असेल नाहीतर शेजारी. ऑफिसात रजेपुरतं. चुलत्यांना, व्हॉट्सॲपच्या ग्रुपला, लग्नात भेटणाऱ्या मावशीला काही सांगायचं ऋण तुमच्यावर नाही. ‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, फार तर पहिल्या आठवड्याचा आहाराचा कागद त्याच्या हातात ठेवा.

विरोध करणाऱ्याचं सगळंच चुकीचं असतं असंही समजू नका. रात्री चोरून खाण्याचा त्रास असेल, नैराश्य असेल, दारू हाताबाहेर गेली असेल आणि घरचे ‘आधी ते बघ’ म्हणत असतील, तर ते बरोबर बोलताहेत. तरुण मुलींच्या आया पुढच्या बाळंतपणाचं विचारतात, तेही रास्त आहे. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. आणि जोडीदाराच्या गप्प बसण्याकडे दुर्लक्ष करू नका. वजन उतरतं तसा माणूस बदलतो, नवे कपडे घेतो, नव्या लोकांत मिसळतो. पलीकडच्याला वाटतं, मी याला पुरेल ना? हे कुणी बोलून दाखवत नाही. मी हल्ली पती-पत्नींना ऑपरेशनच्या आधीच एकदा एकत्र बसवते.

संदीपचं वजन सहा महिन्यांत ९८ वर आलं. मधल्या काळात केस गळले, तेव्हा आईंनी मला फोन करून चांगलंच सुनावलं. तीन ते सहा महिन्यांत असं होतं, बहुतेकांचे परत येतात, हे आधी सांगितलं होतं तरी. आता त्यांची नवी तक्रार आहे की पोराची गालफडं बसली, गल्लीतले विचारतात आजारी आहे का. आप्पा पंचगंगेपर्यंत त्याला सोबत घेऊन जातात आणि चालण्यानंच उतरलं म्हणून सांगतात. सांगू देत.

परवा संदीपची बायको येऊन गेली. मी विचारलं, आता झोप लागते का?

“लागते. पण घोरणं पार थांबलंय ना मॅडम. आवाजच येत नाही, त्यानं जाग येते. छातीवर हात ठेवून बघते, मग झोपते.”