टेक्सासमध्ये बास पकडायला सुरुवात करायची आहे. बोट नाही, बजेट दीडशे डॉलर. काय घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला राहायला आलात, सोसायटीमागे तळं आहे, शेजारी तिथे बास (इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, पूर्ण नाव लार्जमाउथ बास) पकडतो. तुम्हालाही हा नाद लावून घ्यायचाय. दुकानातल्या माणसाने बेटकास्टर रीळ (फेकताना जिची चकरी फिरते ती), दोन रॉड आणि ल्यूरचा, म्हणजे नकली आमिषांचा, भलामोठा डबा सुचवला, आणि यूट्यूब बघून डोकं आणखी फिरलंय.

तो डबा घेऊ नका. बेटकास्टरही आत्ता नको. काठावरून मासेमारी करणाऱ्या नवख्याला एक स्पिनिंग रॉड (ज्याच्या रिळाची चकरी फेकताना फिरत नाही), चांगला दोरा, चांगले गळ आणि रबरी गांडुळांची दोन पाकिटं एवढं पुरतं. बाकीचा वेळ मासा कुठे उभा असतो हे बघण्यात घालवा. खरी मेख तिथे आहे, आणि ती दुकानात विकत मिळत नाही.

आधी लायसन्स, कारण यात बरेच नवे लोक फसतात. टेक्सासचे रहिवासी म्हणून स्वस्त लायसन्स मिळायला राज्यात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी आलात, म्हणजे सध्या तुम्ही बाहेरचे. गोड्या पाण्याचं लायसन्स रहिवाशाला ३० डॉलरला आणि बाहेरच्याला ५८ डॉलरला पडतं. (घेण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर आकडा बघून घ्या.) नेहमीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत घेऊन पैसे वाया घालवू नका. यातून एक सरळ पळवाट आहे. स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे पकडायला लायसन्स लागतच नाही, फक्त पार्कची प्रवेश फी भरायची. तुमच्यापासून रे रॉबर्ट्स लेकचं पार्क जवळ आहे, ‘जो पूल’ (Joe Pool) नावाच्या तलावावरचं सीडर हिल पार्क आहे. काही पार्कांमध्ये रॉड-रीळ उसनंही देतात. पहिले दोन-चार शनिवार तिथे काढा, आवड टिकली तर खर्च करा. सतरा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स कुठेच लागत नाही. आणि सोसायटीचं तळं असेल तर असोसिएशनचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी मासा परत सोडणं सक्तीचं असतं.

आता सामान.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. फास्ट म्हणजे रॉड फक्त टोकाकडे वाकतो, त्यामुळे गांडुळाला माशाने तोंड लावलेलं हाताला लगेच कळतं. रीळ २५०० साइजचं. रॉड-रीळ एकत्र हवं असेल तर अग्ली स्टिक जीएक्सटूचा जोड साधारण पन्नास-साठ डॉलरला मिळतो. जरा जड आणि थोडा बधिर आहे, पण गाडीच्या दारात चेपला तरी बहुधा वाचेल, आणि घरात लहान मुलं असतील तर हा गुण मोठा. थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर ते रॉडवर टाका. मध्यम बासला आवरायला महागडं रीळ लागत नाही.

बेटकास्टर का नको? त्यात फेकताना चकरी गरगर फिरत असते आणि ती अंगठ्याने आवरावी लागते. अंगठा चुकला की दोऱ्याचा असा गुंता होतो की संध्याकाळ सोडवण्यात जाते. शिवाय आपण जी हलकी आमिषं वापरणार आहोत, ती त्याने नीट फेकलीही जात नाहीत. जाड दोरा, जड ल्यूर आणि दाट गवत यांसाठी ते उत्तम हत्यार आहे. पुढच्या वर्षी घ्या.

दोरा. कोकणात आपण ज्याला तंगूस म्हणतो तो नायलॉनचा एकपदरी दोरा, म्हणजे मोनो, आठ पौंडी (आठ पौंड ताण सोसणारा) घेतला तरी काम भागतं, आणि स्वस्तात भागतं. मी मात्र पंधरा पौंडी ब्रेड (braid, म्हणजे विणलेला दोरा) भरतो आणि पुढे तीन-चार फूट दहा पौंडी फ्लुरोकार्बन (वेगळ्या प्लॅस्टिकचा पारदर्शक दोरा) जोडतो. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे टोचणी लगेच कळते. तो पातळही असतो, पंधरा पौंडी ब्रेडची जाडी चार पौंडी मोनोएवढीच भरते. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि दगडावर घासला तरी टिकतो. ब्रेड भरताना चकरीवर आधी थोडा मोनो गुंडाळा किंवा चिकटपट्टी लावा. नाहीतर गुळगुळीत चकरीवर सगळा दोरा सरकत राहतो आणि मासा ओढत असताना तुम्हाला वाटतं की ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडला.

गाठी दोनच शिका. गळाला पालोमर आणि दोन दोरे जोडायला डबल युनी. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन तिथेच कमजोर होतो आणि पहिल्या मोठ्या माशाला तुटतो. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवा. फेकून झाल्यावर बेल (रिळावरची तारेची कडी) हाताने बंद करा आणि दोरा एकदा ओढून ताठ करा. एवढ्या एका सवयीने स्पिनिंग रिळाचे निम्मे गुंते थांबतात.

आमिषं तीन.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाच इंची जाड रबरी गांडूळ, सेन्कोसारखं. त्यात मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे वेगळं शिसं न लावता ते आपल्या वजनाने सावकाश बुडतं. १/० चा गळ गांडुळाच्या मधोमध आडवा घाला. याला वॅकी रिग म्हणतात. बुडताना दोन्ही टोकं थरथरतात आणि बासला राहवत नाही. गळ सरळ रबरात खुपसला तर गांडूळ दोन माशांत फाटतं, म्हणून मधोमध रबरी रिंग चढवा आणि गळ रिंगखालून घाला. रंग ग्रीन पम्पकिन. पाणी गढूळ असेल तर काळा-निळा. रंगांच्या बाबतीत यापुढे जाऊ नका, भिंतभर पाकिटं माशांपेक्षा गिऱ्हाइकांसाठी टांगलेली असतात.

दुसरं, तेच गांडूळ टेक्सास रिगवर: ३/० चा ऑफसेट गळ, पुढे १/८ ते १/४ औंसाचं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं, आणि गळाचं टोक परत रबरात लपवलेलं. पाणवनस्पती आणि बुडालेल्या फांद्यांतून ते न अडकता येतं. जिथे वॅकी टाकायला भीती वाटते तिथे हे टाकायचं.

तिसरं, ३/८ औंसाचा पांढरा स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरणारी चकाकती पाती असलेलं आमिष. वारा सुटलाय, पाणी हललंय, मासे कुठे आहेत ते माहीत नाही, तेव्हा भराभर पाणी चाळायला. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याऐवजी लाल लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचं टणक आमिष) लावून बघा. त्या दिवसांत बास क्रॉफिशवर (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी) तुटून पडतात, आणि पूर्व टेक्सासच्या तलावांवर तो लाल रंग जवळजवळ धर्म आहे. रबरी बेडूक, पॉपर, जिग वगैरे बाकीची आमिषं नंतर.

एक चपटी चिमटी-पक्कड आणि पोलराइज्ड गॉगल घ्या. लायसन्स सोडून एवढं सगळं शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये बसतं.

आता मासा कुठे असतो ते. नवा माणूस काठावर उभा राहतो आणि अंगात असेल तेवढा जोर लावून तळ्याच्या मध्यावर फेकतो. पण बास हा दबा धरून बसणारा मासा आहे. त्याला आडोसा हवा: पडलेलं झाड, लव्हाळ्याची कड, धक्क्याखालची सावली, पावसाचं पाणी येतं त्या पाइपाचं तोंड, बांधाचा कोपरा, उथळ पाणी जिथे एकदम खोल होतं ती रेघ. यातलं बहुतेक सगळं काठापासून दहा-पंधरा फुटांत असतं. म्हणजे तुम्ही ज्या माशाच्या डोक्यावरून फेकताय, तोच तुमचा मासा. म्हणून काठाला समांतर फेका. आमिष पूर्ण वेळ कामाच्या पाण्यातून येतं, उघड्या पाण्यातून येऊन शेवटच्या चार फुटांत नाही.

पाण्याजवळ जाण्याआधी पाच पावलं मागे थांबा आणि पहिला फेक तिथूनच पायाशेजारच्या पाण्यात टाका. सूर्य पाठीमागे असेल तर तुमची सावली पाण्यावर पडते आणि उथळातला मोठा मासा तेवढ्यानेच निघून जातो. वारा ज्या काठावर येऊन आदळतो, तो काठ फेकायला गैरसोयीचा असला तरी आधी तिथे जा. वाऱ्याने बारीक खाद्य तिकडे लोटलं जातं, त्यामागे लहान मासे जातात आणि त्यांच्यामागे बास.

वॅकी टाकल्यावर काय करायचं? काहीच नाही, आणि हेच लोकांना जमत नाही. आमिष पडलं की दोरा थोडा सैल सोडा आणि त्याच्याकडे बघत राहा. बहुतेक वेळा ते बुडतानाच उचललं जातं. झटका लागेलच असं नाही. दोरा टुकदिशी उडतो, किंवा आडवा चालायला लागतो, किंवा जेवढा वेळ बुडायला हवा त्याच्या आधीच थांबतो. तळाशी गेल्यावर दहापर्यंत मोजा, टोक हलकेच दोनदा उचला, परत बुडू द्या. दोरा वेगळा वागला की आधी सैल दोरा गुंडाळून घ्या आणि मग रॉड बाजूला जोरात ओढा. सैल दोऱ्यावर कितीही जोर लावला तरी गळ रुतत नाही.

ऋतूचं गणित. आपल्या भागात पाणी १६ ते १८ अंश सेल्सियसला आलं की, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, बास उथळात येऊन अंडी घालतात. काठावरून मासे धरणाऱ्यासाठी हाच वर्षातला सगळ्यात सोपा काळ. नर शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. त्याला उचललंत तर ब्लूगिल नावाचे छोटे मासे लगेच अंडी खायला येतात, म्हणून घरट्यावरचा मासा मी मुद्दाम धरत नाही आणि चुकून लागला तर तिथल्या तिथे सोडतो. यावर इथे लोक तावातावाने भांडतात, तुम्ही तुमचं ठरवा. उन्हाळ्यात उजाडताना आणि दिवे लागायच्या वेळी जा. दुपारी मासाही सावलीत आणि तुम्हीही. हिवाळ्यात उलट, उन्हाची दुपार बरी आणि सगळं निम्म्या वेगाने. थंड वारा येऊन गेल्यानंतरचा स्वच्छ निळ्या आभाळाचा दिवस फोटोला छान, मासेमारीला बेकार.

मासा धरताना हात ओले करा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. बासचे दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात, कापत नाहीत, म्हणून खालचा ओठ अंगठ्याने खुशाल धरा. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. नुसत्या जबड्यावर आडवा पेलला तर जबडा दुखावतो. गळ खोल गिळला असेल आणि मासा सोडायचा असेल तर ओढाताण न करता दोरा कापा.

खायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणीतरी विचारणारच. राज्याचा सर्वसाधारण नियम १४ इंचांखालचा लार्जमाउथ ठेवायचा नाही आणि दिवसाला सगळे ब्लॅक बास (लार्जमाउथ आणि त्याचे जवळचे भाऊबंद) मिळून पाच असा आहे. काही तलावांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. माझं मत, सोसायटीच्या तळ्यातला मुळीच खाऊ नका, सगळ्या लॉनचं खत आणि औषध त्यात उतरतं. शिवाय बास हा दुसऱ्या माशांवर जगणारा, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. चवही आपल्याकडच्या जिताड्याची अपेक्षा ठेवलीत तर निराश करेल. जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात खरं, पण नात्याने हे दोघे एकमेकांचे कोणी नाहीत. लार्जमाउथ सनफिशच्या कुळातला. रवा लावून तळायला क्रॅपी नावाचा मासा किंवा छोटा कॅटफिश आणा.

लेक फोर्कचं नाव निघालंच आहे तर सांगतो. डॅलसच्या पूर्वेला दीड-दोन तासांवर आहे, आणि १९९२ मध्ये तिथेच १८.१८ पौंडांचा बास लागला, तो अजून टेक्सासचा विक्रम आहे. राज्याने १९७० च्या दशकापासून फ्लोरिडाच्या जातीचे बास आणून सोडले, त्याचं हे फळ. जानेवारी ते मार्चमध्ये कुणाला १३ पौंडांवरचा मासा लागला तर तो पैदाशीसाठी सरकारी केंद्राला जिवंत देता येतो. या योजनेला शेअरलंकर म्हणतात. पण काठावरून फोर्क अवघड आहे. तिथे जायचंच तर गाइड आणि त्याच्या बोटीसह जा. तोपर्यंत घरामागचं तळंच तुमची शाळा.

आणि पायात बूट घाला, चपला नकोत. लव्हाळ्यात कॉटनमाउथ हा विषारी साप असू शकतो आणि काठावरच्या मातीच्या ढिगात फायर अँट्स, म्हणजे कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्या, नक्की असतात.