चित्रफीत कोणाच्या ताब्यात?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत अलाबामा राज्यात नोकरीला आहे आणि नातीला सांभाळण्यासाठी आम्ही दोघे काही महिने तिकडे जाणार आहोत. त्याच राज्यात एका गुजराती आजोबांना पोलिसाने रस्त्यावर आपटल्याची चित्रफीत नुकतीच आमच्या पाहण्यात आली. पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्याने सारे टिपले असूनही तो पोलीस सुटला, असे कळले. मग तो कॅमेरा असून उपयोग काय?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : ही घटना मॅडिसन शहरात ६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी घडली. नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आलेले ५७ वर्षांचे ते गृहस्थ मुलाच्या घराजवळ फेरफटका मारत होते. कोणी अनोळखी माणूस घरांची गॅरेजे न्याहाळत हिंडतो आहे, असा फोन एका शेजाऱ्याने केला आणि पोलीस आले. आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण भारतातले आहोत आणि चालायला निघालो आहोत, एवढेच ते तुटक शब्दांत सांगू शकले. पोलिसाने त्यांचे हात पाठीमागे धरले होते आणि तशाच अवस्थेत पायात पाय घालून त्यांना पुढे पाडले. सावरायला हात मोकळे नसल्यामुळे ते थेट तोंडावर आपटले. मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि शरीराला अंशतः पक्षाघात झाला.

आता ही चित्रफीत नसती तर काय झाले असते, याचा आधी विचार करावा. एका बाजूला गणवेशातल्या पोलिसाचा लेखी अहवाल आणि दुसऱ्या बाजूला तिथली भाषा न येणाऱ्या, रुग्णालयात पडलेल्या परक्या माणसाचा शब्द, असा तो सामना झाला असता आणि त्याचा निकाल सांगायला ज्योतिषी लागला नसता. प्रत्यक्षात सहा दिवसांत पोलीसप्रमुखांनी स्वतः चित्रफीत जाहीर केली, त्या पोलिसाला अटक झाल्याचे आणि त्याच्या बडतर्फीची शिफारस केल्याचे सांगितले. पुढे राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारकडे दिलगिरी व्यक्त केली. हे कॅमेऱ्याने साधले आणि ते मुळीच लहान नाही.

तरीही शिक्षा झाली नाही, कारण फौजदारी खटल्यातला प्रश्न वेगळा होता. पोलिसाने 'जाणूनबुजून' घटनादत्त हक्क हिरावला, हे केंद्र सरकारच्या वकिलांना निःसंशय सिद्ध करायचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात असे ठरवून दिले आहे की, बळाचा वापर वाजवी होता की नाही हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहावे, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नव्हे. बचाव पक्षाने म्हटले की गृहस्थ हात सोडवू पाहत होते. गाडीच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा दुरून दृश्य टिपतो. पकडलेल्या हाताला हिसका बसला की नाही, हे तो सांगू शकत नाही. तेवढ्या फटीतून शंका शिरली. २०१५ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचे, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिक-पंचांचे, एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीश मॅडलिन हायकाला यांनी पोलिसाला दोषमुक्त केले. दिवाणी दाव्यात पुराव्याची कसोटी सौम्य असते. तिथे २०२० मध्ये अपील न्यायालयाने पोलिसाला कायद्याचे कवच नाकारले आणि पुढच्या वर्षी साडेसतरा लाख डॉलरवर तडजोड झाली.

एकच चित्रफीत पाहून सुजाण माणसांचेही मत दुभंगते, याचे उदाहरण थेट सर्वोच्च न्यायालयातच आहे. जॉर्जियातील एका पाठलागात पोलिसाने मागून धडक दिल्यामुळे चालक कायमचा अपंग झाला होता. २००७ च्या त्या निकालात आठ न्यायमूर्तींनी गाडीतील चित्रण पाहून पोलिसाची बाजू उचलून धरली, तर न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना त्याच चित्रणात तेवढा भयंकर धोका दिसला नाही.

मला मात्र अधिक काळजी वाटते ती चित्रफीत पाहण्याआधी काय घडते याची. शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर जेसन व्हॅन डाइक या पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. मुलाच्या हातात छोटा चाकू होता आणि तो अंगावर चालून आला, असे पोलिसांच्या अहवालांत लिहिले गेले. डॅशकॅममध्ये, म्हणजे पोलिसांच्या गाडीतील कॅमेऱ्यात, तो मुलगा पोलिसांपासून दूर चाललेला दिसतो, आणि खाली कोसळल्यावरही गोळ्या लागत राहिल्याचे दिसते. ही चित्रफीत पहिल्या दिवसापासून खात्याच्या ताब्यात होती. एप्रिल २०१५ मध्ये नगर परिषदेने मुलाच्या कुटुंबाला पन्नास लाख डॉलर मंजूर केले, पण चित्रफीत दडवलेलीच राहिली. शेवटी एका मुक्त पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, न्यायाधीशाने ती उघड करण्याचा आदेश दिला आणि २४ नोव्हेंबर २०१५ रोजी, म्हणजे तेरा महिन्यांनी, ती लोकांसमोर आली. खुनाचा आरोप त्याच दिवशी दाखल झाला! पोलीसप्रमुखांना आठवडाभरात पद सोडावे लागले. २०१८ मध्ये व्हॅन डाइक दोषी ठरला आणि त्याला पावणेसात वर्षांची कैद झाली. अहवाल खोटे लिहिल्याचा आरोप असलेले इतर तीन पोलीस मात्र सुटले.

या चित्रफितीत नीट ऐकू येईल असा आवाज नव्हता, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. डॅशकॅम साधारणपणे गाडीचे आपत्कालीन दिवे लागले की आपोआप जतन करू लागतो आणि त्याआधीचे काही सेकंदही राखून ठेवतो. पण आवाज टिपणारा माइक पोलिसाच्या अंगावर असतो आणि तो चार्ज करून, चालू ठेवून वापरणे त्याच्याच हाती असते. शिकागो पोलिसांच्या असंख्य चित्रणांत आवाज नसल्याचे त्यानंतर उघड झाले. ज्याची चौकशी व्हायची त्याच्याच हातात बटण, आणि त्याच्याच वरिष्ठांच्या कपाटात चित्रफीत, अशी व्यवस्था असेल तर उत्तम कॅमेराही मुका राहतो. शिकागोने पुढे साठ दिवसांत चित्रण खुले करण्याचे धोरण आणले. मुदत लिखित असणे आणि ती पाळली जाते की नाही हे खात्याबाहेरच्या कोणीतरी पाहणे, यालाच मी कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोल देते.

आपल्यापुरते सांगायचे तर, घराचा पत्ता, मुलाचा फोन नंबर आणि 'मला इंग्रजी कमी येते' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असलेले कार्ड गळ्यात दिसेल असे ठेवा. पोलिसाने थांबवले तर हात मोकळे, समोर दिसतील असे धरा. कार्ड काढण्यासाठीसुद्धा एकदम खिशात हात घालू नका. पासपोर्ट आणि प्रवेशनोंदीची प्रत जवळ असावी. दोघांनी मिळून फिरायला जा आणि पहिल्या आठवड्यात मुलाला शेजाऱ्यांशी ओळख करून द्यायला सांगा. निरपराध माणसाला एवढी दक्षता घ्यावी लागते हे मला खुपते, तरी ती घ्याच.

प्रश्न : आपल्याकडे असा कॅमेऱ्याचा पुरावा नागरिकाला मिळू शकतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे मुख्य प्रश्न पोलीस ठाण्याच्या आतला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका आणि निरीक्षकाची खोली इथे आवाजासह, अंधारातही दिसेल असे सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, आणि तशी सोय नसल्यास किमान एक वर्ष, जपायचे आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखांची आहे, तर देखरेख जिल्हा समितीची. मारहाणीची तक्रार असेल तर त्याच आठवड्यात तारीख, वेळ आणि ठाण्यातील जागा लिहून, ते चित्रण जतन करावे असा अर्ज ठाणे प्रमुख, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त आणि राज्य मानवी हक्क आयोग या तिघांकडे द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोहोच घ्या. मुदत संपल्यावर 'चित्रण पुसले गेले' हे उत्तर देणे सोपे असते. तारखेची पोहोच हाती असेल तर ते का पुसले, याचा जाब न्यायालयात विचारता येतो.