मिस्ट्री गिफ्ट उद्यावर ढकलू नको

भो, पोकेमॉनच्या स्वोर्ड-शील्ड गेममधला झारूड हा पोकेमॉन गवतात कितीही हिंडलास तरी सापडत नाही. तो गेमवाल्यांनी ऑनलाइन केलेल्या वाटपातच मिळाला, तोही ठरावीक दिवसांपुरता. असलं वाटप जाहीर झालं की त्याच दिवशी गेममधला मिस्ट्री गिफ्ट, म्हणजे अशी भेट घ्यायचा पर्याय, उघड. पैसे भरून ऑनलाइन सदस्यत्व लागत नाही, मोबाइलचं हॉटस्पॉट पुरतं.

मुदत यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिली असेल तर आपल्या घड्याळासाठी ५ तास ३० मिनिटं मिळव. हे मला ठाऊक होतं, तरी एकदा ‘शेवटच्या रात्री घेऊ’ म्हणत बसलो. मे महिना, जळगाव, आणि शेवभाजीचा पहिला घास घेतो तोच लाइट गेली. राउटर मेला, मोबाइल आधीच दोन टक्क्यांवर. गच्चीवर खाट टाकून घाम पुसत पडलो. लाइट आली तेव्हा मुदत संपली होती.

काही भेटींना कोड टाकावा लागतो, तो विकत घेऊ नको बरं. सगळ्यांसाठीचा कोड फुकटच असतो, आणि एकदाच चालणारा सिरियल कोड विकणाऱ्याने आधीच वापरला असेल तर बोंबलत बसशील.

मिळालेला पोकेमॉन बहुधा लाल चेरिश बॉलमध्ये, म्हणजे भेटीच्या पोकेमॉनच्या खास चेंडूत, येतो. पोकेमॉन साठवायचे बॉक्स साफ करताना तेवढं बघ, चुकून तो सोडून देऊ नको.