भारतीय मूकपटात काम करणारी पहिली स्त्री कोण, आणि तिचं पुढे काय झालं?

नाव एक नाही, दोन आहेत, आणि त्या मायलेकी आहेत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, लग्नानंतरच्या कमलाबाई गोखले.

मी वडशाकडचा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान घरात आलं की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्रभर नाटक. माझा आजा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून बाईचं काम करायचा. त्यामुळे दादासाहेब फाळक्यांची अडचण मला पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांनी बाया शोधल्या, अगदी कोठ्यांवरही विचारून पाहिलं, कोणी तयार होईना. शेवटी तारामती झाले साळुंके नावाचे एक पुरुष.

त्याच वर्षी, १९१३ साली, फाळक्यांचाच 'मोहिनी भस्मासुर' आला. दुर्गाबाई पार्वती आणि जेमतेम तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी नाटकात कामं करत मुलीला एकटीनं वाढवलं होतं.

मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. मोहिनी म्हणजे बाईचं रूप घेतलेला विष्णू. पुरुषाला द्यायला याहून सोयीची भूमिका कुठली? तरी ती एका मुलीनं केली. शिवाय ही गोष्ट मूकपटासाठीच जन्मल्यासारखी आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्यासारखे हातवारे करत जातो आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून राख होतो. शब्द लागतच नाहीत, सगळं अंगातून दाखवायचं.

पण एवढ्यानं वाट मोकळी झाली असं समजू नका. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम साळुंकेच होते आणि सीताही साळुंकेच!

कमलाबाईंचं लग्न नाटक कंपनी चालवणाऱ्या रघुनाथराव गोखल्यांशी झालं. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. पदरी लहान मुलं. त्यांनी काम सोडलं नाही, रंगभूमीवर राहून मुलं मोठी केली. चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. अभिनेते विक्रम गोखले हे कमलाबाईंचे नातू. पुढे कमलाबाई बोलपटांतही दिसल्या. त्यांच्या म्हातारपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, मिळाला तर जरूर बघा. 'पहिली नायिका' एवढ्या दोन शब्दांत या बाईला गुंडाळून ठेवतात, त्याचं मला वाईट वाटतं. पडद्यावरचं ते पहिलं काम झालं तेव्हा त्यांचं अख्खं आयुष्य अजून पुढेच होतं.

आजा दंडारीत नेसायचा ते लुगडं आजीचं होतं. खेळ संपला की ती ते धुवून वाळत घालायची. "तू कधी उभी नाही झालीस का?" असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मले कोनं इचारलंच नाही बाबू."